नेट चालूच असतं, चूक भलतीकडे असते : या चुका टाळा

"नेट गेलंय." घरात हे वाक्य कुणी उच्चारलं की पाठोपाठ फोन माझ्या हातात येतो. नातेवाइकांचे असे अडलेले फोन आणि लॅपटॉप सोडवता सोडवता एक गोष्ट लक्षात आली. बहुतेक वेळा नेट बिचारं चालूच असतं, आणि आपण चूक शोधत असतो भलत्याच ठिकाणी.

सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे नेट स्लो आहे. त्यावर लोक लगेच मोठा प्लॅन घेतात. त्याआधी राउटरपाशी जाऊन उभं राहा आणि तिथे स्पीड तपासा. तिथे ठीक आणि आतल्या खोलीत रडारड असेल, तर दोष कंपनीचा नाही, भिंतींचा आहे. राउटर टीव्हीच्या मागे किंवा कपाटात कोंबलेला असतो, कारण तो दिसायला बरा नसतो. त्याला उघड्यावर, जरा उंचावर आणि घराच्या मध्याकडे आणा. बऱ्याच राउटरवर दोन नावांचं वाय-फाय दिसतं : २.४ गिगाहर्ट्झचं आणि ५ गिगाहर्ट्झचं. पहिलं भिंतीपलीकडे जास्त पोहोचतं, पण हळू असतं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाय-फायने गजबजलेलं असतं. मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा त्याच पट्ट्यात चालतो, म्हणून ओव्हन सुरू असताना व्हिडिओ कॉल अडखळू शकतो. दुसरं वेगवान, पण जवळच्यासाठी. लांबच्या खोलीत बसून ५ वाल्याला चिकटून राहण्यात काही अर्थ नाही.

आणि १०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही डाउनलोड १२ च्या आसपासच दिसतं म्हणून भांडायला जाऊ नका. प्लॅन मेगाबिटमध्ये मोजतात, फाइल मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० भागिले ८, साडेबारा. कुणी फसवलेलं नाही.

दुसरी तक्रार : "एकच साइट उघडत नाही." इथे बहुतेक जण ऐकीव सल्ल्याने ब्राउझरमधलं सगळं क्लिअर करून टाकतात आणि प्रत्येक ठिकाणाहून लॉगआउट होऊन बसतात. मग पासवर्ड आठवत नाहीत, आणि एका अडचणीच्या दहा होतात. आधी तीच साइट खासगी विंडोमध्ये (ब्राउझरच्या मेनूतली इन्कॉग्निटो किंवा प्रायव्हेट विंडो) उघडून बघा. तिथे उघडली, तर घोळ त्या साइटच्या जुन्या कुकीचा (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) किंवा तुम्ही कधीतरी टाकलेल्या एखाद्या एक्स्टेंशनचा (ब्राउझरला जोडलेली जादा सोय). सेटिंगमध्ये जाऊन फक्त त्या एका साइटचा डेटा पुसता येतो. खासगी विंडोतही नाही उघडली, तर वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. तिथेही तेच असेल, तर बहुधा साइटच बसली आहे, चहा घ्या.

खासगी विंडोचा खरा उपयोग हा असा आहे. ती वापरली की आपण कुणालाच दिसत नाही, हा समज मात्र काढून टाका. ती एवढंच करते की तुमच्या यंत्रावर हिस्टरी ठेवत नाही. नेट पुरवणारी कंपनी, ऑफिसचं नेटवर्क आणि ती साइट यांना तुमची भेट कळू शकते.

एकदा मावशीचा जुना लॅपटॉप आला होता. कुठलीही साइट उघडा, "तुमचं कनेक्शन खासगी नाही" असा लाल इशारा. तिने ब्राउझर दोनदा काढून पुन्हा टाकला होता, अँटिव्हायरसही विकत घ्यायला निघाली होती. मी आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. लॅपटॉप बरेच दिवस बंद होता, आतला नाण्याएवढा सेल संपलेला, आणि तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. साइटच्या प्रमाणपत्राला, म्हणजे ब्राउझर तपासतो त्या तिच्या ओळखपत्राला, सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते; लॅपटॉपच्या हिशेबाने ती प्रमाणपत्रं अजून जन्मलीच नव्हती. तारीख दुरुस्त केली, इशारा गेला. पण तारीख बरोबर असूनही, विशेषतः बाहेरच्या फुकट वाय-फायवर, हा इशारा आला तर "तरीही पुढे जा" दाबू नका.

त्याच्या उलट चूक म्हणजे कुलपावर विसंबणं. पत्त्याशेजारी कुलूप म्हणजे साइट खरी, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत कुणी वाचू शकत नाही. पलीकडे चोर बसला असेल तर त्याच्याशीही तुम्ही अगदी सुरक्षितपणे बोलता! हा गैरसमज इतका पसरला की २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्हच काढून टाकलं. बघायचा तो पत्ता, आणि तोही मागून. पहिल्या एकेरी तिरक्या रेषेच्या (/) लगेच आधी जे नाव असतं, ते मालकाचं. "गूगल डॉट कॉम डॉट लॉगिन-तपासा डॉट नेट" यात गूगलचा काही संबंध नाही.

आता ज्या चुकीने मला सर्वांत जास्त वेळा हात टेकायला लावले ती. चोर आत येऊ नये म्हणून लोक बरंच काही करतात, पण आपणच बाहेर अडकलो तर काय, याचा विचार कुणी करत नाही. नंबर बदलतात आणि जुनं सिम टाकून देतात. ओटीपी मात्र अजून त्या जुन्या नंबरवर जात असतो. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याच माणसाला मिळतो, म्हणजे तुमच्या खात्याची किल्ली अनोळखी खिशात. नवा नंबर घेतला की जुना चालू असतानाच एकेका खात्यात तो बदला, आणि सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळे पासवर्ड तिथूनच परत मिळतात. दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) सुरू केल्यावर बॅकअप कोड मिळतात, फोन हाताशी नसला तरी आत जाता यावं म्हणून. ते त्याच ईमेलमध्ये जपून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखंच ते. कागदावर लिहा.

"मेल आलाच नाही" हीसुद्धा याच घराण्यातली तक्रार. गूगलची फुकट १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटलेली असते. जून २०२१ पासून नवे फोटो त्यातच मोजले जातात. जागा भरली की मेल येणंही थांबतं. आपण समोरच्याने पाठवलं नाही म्हणून त्याच्यावर रुसतो. फोनवरचीच जागा भरली, तर घाईने लोक गूगल फोटोमधून फोटो उडवतात, "बॅकअप आहेच की" म्हणत. पण तो आरसा आहे. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. बॅकअप झालेले फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतात, तेवढ्यात आठवलं तर ठीक. फक्त फोनवरची जागा मोकळी करण्याचा पर्याय वेगळा आहे, तो वापरा, आणि मोलाचे फोटो एखाद्या हार्ड डिस्कवर वेगळे ठेवा.

हेल्पलाइनचा नंबर सर्चमध्ये शोधू नका. खोटे नंबर तिथे पेरलेले असतात. कंपनीच्या ॲपमधून किंवा बिलावरून घ्या.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर राउटरचा प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा. मागच्या बाजूला रीसेटचं एक बारीक भोक असतं, त्यात मात्र टाचणी घालू नका. त्याने वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि कंपनीच्या माणसाने भरलेली सेटिंग सगळी पुसली जाते, आणि मग नेट खरोखरच जातं.