मार दिलेला उंदीर खरंच विसरला का? आधी या चुका टाळा

एम.फार्मची पोरं दरवर्षी नवीन, चूक तीच. डोक्याच्या मारावरचं औषध तपासायला उंदराच्या डोक्याला मार दिला, दोन आठवड्यांनी वॉटर मेझमध्ये, म्हणजे पाण्याच्या गोल टँकमध्ये सोडला, त्यात लपवलेला, उभं राहायचा प्लॅटफॉर्म सापडायला वेळ लागला की लगेच लिहून मोकळे, "स्मरणशक्ती कमी झाली". अरे पण त्याला आठवलं नाही, का दिसलं नाही, का पोहताच येईना, हे कोण बघणार?

माझीच फजिती सांगतो. मे महिना, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, खिडकीतून थेट टँकवर यायचं म्हणून मी घरून एक सोलापुरी चादर आणून खिडकीला लावली, लाल-काळी, ठसठशीत डिझाइनची. पाच दिवस ट्रेनिंग झकास झालं. सहाव्या दिवशी प्रोब ट्रायल, म्हणजे प्लॅटफॉर्म काढून घ्यायचा आणि उंदीर जुन्या जागी किती वेळ घुटमळतो ते मोजायचं. मार दिलेले भरकटले, मी खूश. मग शॅमवाले सोडले, ज्यांची कवटी उघडली पण मार दिला नाही ते, तर तेही तसेच भरकटले! तासभर सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या आणि मग सहज खिडकीकडे नजर गेली, चादर गायब. लॅबच्या शिपाईमामांनी आदल्या संध्याकाळी धुवायला काढली होती, बिचाऱ्यांनी चांगल्याच मनाने.

रिचर्ड मॉरिसने 1981 साली ही टेस्ट मांडली त्यातली गंमतच ही आहे की प्लॅटफॉर्म पाण्याखाली लपलेला असतो, उंदीर भिंतीवरच्या खुणा धरून जागा ओळखतो, आणि त्या कामाला हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला जागा लक्षात ठेवणारा भाग लागतो. डोक्याला मार बसला की तिथल्या पेशी मरतात, म्हणून तर ही टेस्ट घ्यायची. पण खूणच नेली तर धडधाकट उंदीर तरी काय करणार? तेव्हापासून ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी खोलीचे मोबाईलवर फोटो काढतो आणि रोज सकाळी ताडून बघतो. मी स्वतः पण रोज त्याच फरशीवर उभा राहतो, कारण माणूस पण खूणच असतो.

दुसरं माझं डोकं फिरवणारं म्हणजे फक्त वेळ मोजणं. मेंदूच्या एका बाजूला पिस्टनचा दणका दिला की विरुद्ध बाजूचे पाय काही दिवस लुळे पडतात, मग तो हळू पोहणार, उशिरा पोचणार. म्हणून किती अंतर कापलं आणि वेग किती होता हे दोन्ही बघा, आणि प्लॅटफॉर्म पाण्यावर दिसेल असा ठेवून, त्यावर झेंडी लावून एक टेस्ट घ्याच. तिथेही चाचपडला तर स्मरणशक्तीचं नाव काढू नका. "सर, वेळ नाही, सबमिशन आहे" हे मला सांगू नका, चार महिने काय केलं?

पाण्याचं म्हणाल तर मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तसंच सोडायचं नाही. कोमट पाण्यात उंदीर निवांत तरंगतो, त्याला बाहेर पडायची घाईच नसते. मी बर्फाच्या पिशव्या टाकून 24-25 डिग्रीवर आणतो, आणि थर्मामीटर लावून, बोट बुडवून नाही.

शॅमला भूल सारखीच आणि तेवढाच वेळ. नुसती कवटी उघडली तरी मेंदूला थोडी इजा होते, म्हणून अजिबात हात न लावलेला एक ग्रुप पण ठेवा.

कोणता उंदीर कोणत्या ग्रुपचा हे टेस्ट घेणाऱ्याला कळता कामा नये. शेपटीवर लाल खूण म्हणजे मार दिलेला, असलं काही करू नका राव.

त्या खोलीत डबा उघडायचा नाही. शेंगाचटणीचा वास उंदराला आपल्यापेक्षा जास्त कळतो.

उंदरात औषध चाललं म्हणून थिसिसमध्ये "रुग्णांना वरदान" लिहू नका. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन डोक्याच्या मारावर प्राण्यांमध्ये किती छान चाललं होतं, आणि 2014 मध्ये माणसांवरच्या दोन मोठ्या ट्रायल फेल गेल्या.

आणि आठ उंदीर, रोज चार ट्रायल, पाच दिवस, म्हणून एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, बरोबर 160 लिहिणाऱ्या पोरा, एन आठच, उंदीर मोजायचे, ट्रायल नाही.