टेकडीवरच्या बागेत लेटरबॉक्सिंग कसं करायचं

लेटरबॉक्सिंग म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा लिहून दिलेल्या खुणांवरून शोधायचा आणि त्यातल्या वहीत आपला शिक्का उमटवायचा. या खेळाला मोबाइल लागत नाही, म्हणून मला तो आवडतो. १८५४ साली इंग्लंडमधल्या डार्टमूरवर जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूलपाशी एक बाटली ठेवली. येणाऱ्याने तिच्यात आपलं कार्ड टाकायचं. तिथून हे सुरू झालं.

वही, स्टॅम्प पॅड, होकायंत्र आणि स्वतःचा शिक्का घ्या. शिक्का विकत आणू नका हो! खोडरबरावर कटरने कोरा. अक्षरं मात्र उलटी कोरायची.

खरी कसोटी खुणांची. ‘बाकापासून १२० अंशांवर ४० पावलं’ लिहिलंय? आधी बाक तोच का, ते बघा. होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ धरू नका, सुई भरकटते. चढावर पाऊल आखूड पडतं, शिवाय खूण लिहिणारा उंच की बुटका कोणास ठाऊक. म्हणून मी तिसाव्या पावलापासूनच मुळं, कपारी, विनाकारण रचल्यासारखे दगड न्याहाळायला लागतो आणि पन्नासपर्यंत जातो. कपारीत थेट हात घालायचा नाही, आधी काठीने चाचपायचं.

डबा मिळाला की आरडाओरडा नको. जरा बाजूला जाऊन बसा. त्यातला शिक्का आपल्या वहीत, आपला त्यातल्या वहीत, खाली तारीख. शिक्का पुसून, डब्यातली वही-शिक्क्याची पिशवी घट्ट बंद करून डबा होता तिथेच, होता तसाच ठेवा. फिरायला आलेली मंडळी पुढे गेल्यावरच.