इक्सी शिकायचीय? आधी शुक्राणू धरायला शिका

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बी.एस्सी. झालेली मुलं-मुली हल्ली भ्रूणशास्त्राबद्दल विचारतात, याचा मला फार आनंद होतो. कोर्सचं आधी सांगते. एआरटी, म्हणजे सहायक प्रजननाचा कायदा 2021चा. त्याखालच्या नियमांनुसार सरळ मार्ग म्हणजे क्लिनिकल एम्ब्रियॉलॉजीची चार सेमिस्टरची पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी आणि वर लॅबमधला 3 वर्षांचा अनुभव. आपल्याच राज्यात, कर्नाटकात, मणिपालला अशी एम.एस्सी. आहे. आठवड्याभराच्या सर्टिफिकेटवर घरच्यांचे पैसे घालू नका.

इक्सी या टेस्ट ट्यूब बेबीच्या पद्धतीत एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात. ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी 1992 साली यातून राहिलेले गर्भ जगासमोर मांडले. शिकताना सुरुवात शुक्राणूपासूनच करा. पीव्हीपी या दाट द्रवाच्या थेंबात तो मंदावतो. सुईने शेपटी डिशच्या तळाशी दाबून मोडायची आणि शेपटीकडून त्याला आत ओढायचं. हे सहज जमेपर्यंत बीजाला हात लावायची घाई नको.

बीज डावीकडच्या होल्डिंग पिपेटने, म्हणजे काचेच्या बारीक नळीने धरायचं, पोलर बॉडी (बीजाच्या कडेला दिसणारा छोटा गोळा) बाराच्या किंवा सहाच्या काट्यावर ठेवायची आणि सुई तीनच्या बाजूने घालायची. गुणसूत्रं धरून ठेवणारं तंतूंचं स्पिंडल बहुधा पोलर बॉडीजवळ असतं, ते वाचवायचं असतं. बाहेरचं कवच लगेच भेदतं. आतला पडदा मात्र सुईबरोबर ताणत जातो, पार मध्यापलीकडे गेला तरी फाटत नाही. नवख्याला वाटतं, पोचलो. तिथे शुक्राणू सोडला तर तो पडद्याच्या खोबणीतच, बाहेर राहतो. म्हणून हलकेच ओढून बघायचं: पडदा फुटला की बीजातला द्रव एकदम सुईत सरकतो. तिथेच ओढणं थांबवायचं आणि शुक्राणू कमीत कमी पीव्हीपीबरोबर सोडायचा. 16 ते 18 तासांनी दोन प्रोन्यूक्लिअस (एक बीजाचं, एक शुक्राणूचं केंद्रक) दिसले, की बीज फळलं.

स्पिंडलला गारवा सोसत नाही. होल्डिंग पिपेट आणि सुई जुळवून, सूक्ष्मदर्शकाची स्टेज 37 अंशांवर आल्यावरच डिश इन्क्युबेटरमधून काढा.

आपल्या भागात मराठीइतकीच कन्नडही लागते. संमतीपत्र सही करणाऱ्या बाईला तिच्या भाषेत समजलंच पाहिजे. एखादी सासू हळूच विचारते, "मुलगाच ठेवता येईल का ओ?" लिंगनिवड कायद्याने गुन्हा आहे, हे तिला शांतपणे पण स्पष्ट सांगा.

आणि आपल्याकडे एकाच दिवशी दोन पाटील जोडपी येणं नेहमीचंच. बायकोचं नाव, नवऱ्याचं नाव आणि नंबर लॅबमधल्या दोघांनी मोठ्याने वाचल्याशिवाय डिशचं झाकण काढू नका, कितीही गर्दी असली तरी.