रणगाड्याच्या आत कोण बसायचं? घरच्यांना घेऊन लष्करी म्युझियम बघायचं कसं

सगळं बघायचं नाही, हे घरातून निघतानाच ठरवून टाका. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दारापासून सुरुवात केली, प्रत्येक काचेच्या कपाटासमोर थांबायचं, प्रत्येक पाटी वाचायची, दीड तासात लेक रडकुंडीला आली, सासूबाई जिन्याच्या पायरीवरच टेकल्या आणि ज्या विमानासाठी एवढं लांब गेलो होतो ते शेवटच्या दालनात, तिथपर्यंत आम्ही पोचलोच नाही. तेव्हापासून आमच्याकडे ठरलंय, जास्तीत जास्त अडीच तास, त्यात एक मोठी वस्तू, एक दालन आणि एक अगदी छोटी वस्तू. बाकीचं राहिलं तर राहू दे.

आणि जे काही बघाल त्यात माणूस शोधा. तोफ किती किलोमीटर मारते हे मुलं दुसऱ्या दिवशी विसरतात, पण ती तोफ ओढायला किती जण लागायचे, पावसात ते कुठे झोपायचे, हे सांगितलं की डोक्यात राहतं. मोठ्यांच्यासुद्धा.

निघायच्या आधी वेबसाइट नीट बघा. सुट्टीचा वार कुठला, कुठलं दालन दुरुस्तीसाठी बंद आहे, आणि त्या दिवशी एखादं यंत्र चालवून दाखवणार आहेत का. इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये टायगर १३१ हा जर्मन रणगाडा आहे, १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला, तो अजून चालू स्थितीत आहे आणि वर्षातले मोजके दिवस बाहेर काढून चालवतात, त्या दिवशी गेलात तर जमीन हादरताना पायाला कळते. मात्र अशा दिवशी लहान मुलांच्या कानांसाठी काहीतरी सोबत ठेवा, आवाज खरंच मोठा असतो. म्युझियम लष्कराच्या हद्दीत असेल तर सगळ्यांची ओळखपत्रं घ्या आणि फोटो काढू देतात का ते आधीच विचारून घ्या, गेटवर वाद घालत उभं राहण्यात काही अर्थ नाही. जहाज किंवा पाणबुडी बघायची असेल तर बाबागाडी विसरा. लंडनला थेम्स नदीत उभी असलेली एचएमएस बेलफास्ट ही जुनी युद्धनौका नऊ डेकची, म्हणजे नऊ मजल्यांची आहे, वर-खाली करायला उभ्या शिड्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे नेऊन आपण त्याला काठावरच बसवून ठेवणार असू तर दुसरं ठिकाण निवडलेलं बरं.

एक पातळ स्वेटर घ्या, आत गार लागू शकतं. आणि अंधाराचीही तयारी ठेवा. कपडे आणि कागद ठेवलेली दालनं मुद्दाम अंधारी ठेवतात, प्रकाश साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास, कारण जास्त उजेडाने कापडाचा रंग उडतो. हे मुलांना आत शिरतानाच सांगा, म्हणजे अंधाराची भीती जाते आणि फ्लॅश का मारायचा नाही तेही आपोआप कळतं.

आता आत गेल्यावर. मुलं रणगाड्याकडे धावतच जाणार, जाऊ दे. वर चढायचं नाही एवढं बजावा आणि मग माहिती सांगत बसण्याऐवजी प्रश्न विचारा. आत किती जण बसत असतील? दार कुठंय? बाहेरचं कशातून दिसायचं? शू लागली तर काय करायचे? हा शेवटचा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात आणि तो हसण्यावारी नेऊ नका, त्यातूनच त्यांना कळतं की आत जिवंत माणसं होती. पहिल्या महायुद्धात, १५ सप्टेंबर १९१६ ला, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ब्रिटिशांनी पहिल्यांदा रणगाडे उतरवले, त्या मार्क वन रणगाड्यात आठ जण असायचे आणि इंजिन त्यांच्या मधोमध, उघडंच, त्यामुळे आत भट्टीसारखी उष्णता, धूर, आवाज इतका की बोललेलं ऐकू यायचं नाही, काही जण तर आतच बेशुद्ध पडायचे. आणि 'टँक' हे नावही गुपित राखण्यासाठी पडलं, पाण्याच्या टाक्या बनवतोय असं भासवायचं होतं. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

टी-३४ हा सोव्हिएत रणगाडा दिसला तर एक छोटा प्रयोग करा, आमच्याकडे हा हमखास चालतो. त्याचं पुढचं पोलाद तिरकं का, असं विचारा. मग एक जाड वही उभी धरा, तिच्या कडेला पेन्सिल आडवी धरून दाखवा की गोळी अशी सरळ येते, आणि वही हळूहळू मागे कलवा. पेन्सिलच्या वाटेत येणारी जाडी वाढत जाते. टी-३४ चं पुढचं पोलाद ४५ मिलीमीटरचं, पण उभ्या रेषेपासून ६० अंश कललेलं, म्हणजे समोरून येणाऱ्या गोळ्याला ९० मिलीमीटर पार करायला लागायचे. दहावीतल्या मुलाला तिथेच कोसाइन वापरून हिशोब करायला लावा, भूमितीचा उपयोग काय हा प्रश्न परत विचारणार नाही.

दालन निवडताना माझं मत विचाराल तर गणवेश आणि हेल्मेटचं निवडा, लोक ते भरभर चालत ओलांडतात आणि खरी गोष्ट तिथेच असते. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा कुठल्याच सैन्याकडे पोलादी हेल्मेट नव्हतं, जर्मनांची ती टोकदार हेल्मेटं चामड्याची होती, फ्रेंच सैनिक लाल पँट घालून लढायला गेले. वरून तोफगोळ्यांचे तुकडे डोक्यावर पडायला लागले तेव्हा १९१५ मध्ये फ्रेंच आणि ब्रिटिशांनी आणि १९१६ मध्ये जर्मनांनी पोलादी हेल्मेट आणलं. ही तीन-चार हेल्मेटं शेजारी शेजारी ठेवलेली असतील तर मुलांना विचारा, कुठलं मान झाकतं, कुठलं फक्त डोकं. लाल पँट गेली आणि लपणारे रंग आले. खाकी हा शब्द तर आपल्या ओळखीचाच, खाक म्हणजे धूळ, धुळीच्या रंगाचं कापड.

जुन्या तलवारी-चिलखतं असतील तर दोन गैरसमज तिथल्या तिथे दूर करून पुढे चला. तलवारीवरची लांब खाच रक्त वाहून जायला नसते, ती पातं हलकं करायला असते. आणि युरोपातलं पूर्ण अंगाचं चिलखत साधारण २० ते २५ किलोचं, पण वजन सगळ्या अंगावर वाटलेलं, त्यामुळे ते घालून माणूस पळू शकायचा, घोड्यावर चढू शकायचा.

त्रास होईल अशा गोष्टींचं काय, हा सगळ्यात अवघड भाग. सहा-सात वर्षांखालच्या मुलांना गॅस मास्क, खंदकाचे आवाज-प्रकाशवाले देखावे, जखमींचे पुतळे नकोच, एक मोठा माणूस आधी आत जाऊन बघून येऊ दे. वयाची सूचना लिहिलेली असेल तर ती पाळा, वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) म्युझियममधलं मुख्य प्रदर्शन ११ वर्षांपुढच्यांसाठी सुचवलेलं आहे ते उगाच नाही. पण मोठ्या मुलांपासून सगळंच लपवूही नका. हिरोशिमाच्या म्युझियममध्ये एका तीन वर्षांच्या मुलाची जळालेली तिचाकी सायकल आहे, सव्वाआठला थांबलेलं घड्याळ आहे. अशा एका वस्तूसमोर पाच मिनिटं गप्प उभं राहिलं की पुरे, तिथे भाषण देऊ नका, मुलाने विचारलं तर खरं उत्तर द्या आणि नाही विचारलं तर तसंच पुढे जा, विचारेल दोन दिवसांनी.

टीनएजर मुलं बरोबर असतील आणि कंटाळली असतील तर त्यांना काम द्या. पाट्यांवर काय लिहिलेलं नाही ते शोधायला सांगा. समोरच्या बाजूचे किती मेले ते लिहिलंय का, नर्सेस कुठे आहेत, कारखान्यात गोळे भरणाऱ्या बायका कुठे आहेत, घोडे-खेचरं कुठे आहेत. प्रत्येक देश आपली बाजू सांगतो, ते समजण्याचं हेच वय. जर्मनीत ड्रेस्डेनच्या लष्करी म्युझियमने हे धाडसाने केलंय, वरच्या मजल्यावर तीन शहरांची कहाणी एकत्र मांडलीय, पोलंडमधलं व्हिएलुन आणि नेदरलँड्समधलं रॉटरडॅम, ज्यांच्यावर जर्मनांनी बॉम्ब टाकले, आणि स्वतः ड्रेस्डेन, जे १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं. मला असं म्युझियम पन्नास तोफांच्या रांगेपेक्षा मोलाचं वाटतं.

घरात कोणी सैन्यात होतं, तर त्यांना यायचंय का हे आधी एकट्यात विचारा, गृहीत धरू नका. काहींना खूप बोलायचं असतं, काहींना एखादा आवाज किंवा वासही सहन होत नाही, आणि मध्येच बाहेर जावंसं वाटलं तर कोणीतरी एकाने काही न विचारता सोबत जावं. बऱ्याच ठिकाणी निवृत्त सैनिक स्वतः गाइड म्हणून उभे असतात, सॅन डिएगोच्या यूएसएस मिडवे या विमानवाहू जहाजावर तर असे बरेच भेटतात. त्यांच्याशी मुलांना बोलू द्याच. पण 'तुम्ही किती जणांना मारलं' हे विचारायचं नाही हे आधीच समजावून सांगा. झोपायला कुठे होतं, जेवायला काय मिळायचं, घरून पत्र किती दिवसांनी यायचं, हे विचारलं की ते खुलतात, आणि पाटीवर नसलेलं ऐकायला मिळतं.

शहिदांच्या नावांच्या भिंतीपाशी आवाज खाली, खाणं बंद, हसरे सेल्फी नकोत. तिथे मुलांना एकच नाव निवडून वय वाचायला सांगा. १ जुलै १९१६ या एका दिवसात सोमला ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण मेले हा आकडा डोक्यात मावतच नाही, एकोणीस वर्षांचा एक मुलगा मात्र मावतो.

घरी आल्यावर त्याच आठवड्यात, विषय ताजा असताना, कपाटातला जुना डबा काढा. आजोबा-पणजोबांचे फोटो, मेडल, पत्रं काही असेल तर आजीला शेजारी बसवून नावं विचारून घ्या आणि फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा, कोण, कुठे, कुठलं साल. बॉलपेन नको, ते पुढच्या बाजूला उमटतं. मेडल घासून चकचकीत करू नका. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश मेडलच्या कडेवर सैनिकाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, घासून घासून तीच अक्षरं पुसट होतात. भिंग घ्या, मुलाला उजेडात धरून वाचू द्या.