ग्राफीनचे पारदर्शक मायक्रोवेव्ह शोषक : या चुका टाळा

एस-वन-वन (नमुन्यावरून परत येणाऱ्या लाटेचं मोजमाप) खाली गेला की लाट शोषली गेली, असं गृहीत धरणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. मागच्या हिवाळ्यात पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये एक मुलगा पेढे घेऊनच आला. १० गिगाहर्ट्झला उणे १६ डेसिबल! परावर्तन अडीच टक्के, म्हणजे शोषण ९७.५ टक्के, स्लाइडसुद्धा तयार होती. मी नमुन्याच्या मागच्या बाजूला मल्टिमीटरची दोन्ही टोकं टेकवली. ओपन, म्हणजे करंट वाहतच नव्हता. लाट अडवणारा आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइड, पारदर्शक पण वीजवाहक) थर मागे लावलेलाच नव्हता. प्लॅस्टिकच्या फिल्मवर ग्राफीनचा (एका अणूच्या जाडीचा कार्बन) एकच थर, रोध साधारण १००० ओहम प्रति चौरस. पलीकडे दुसरा हॉर्न (कर्ण्यासारखा अँटेना) उभा केला, तर ७१ टक्के शक्ती आरपार जात होती. खरं शोषण जेमतेम २७ टक्के. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. मागे वाहक थर नसेल तर असा पातळ थर एका बाजूने आलेली लाट निम्म्याहून जास्त शोषूच शकत नाही. म्हणून एस-टू-वन, म्हणजे आरपार जाणारी लाट, मोजल्याशिवाय ‘शोषण’ हा शब्द मी कुणाला वहीत लिहू देत नाही.

वाहक थर लावल्यावर त्याचं ग्राफीनपासूनचं अंतर बघा, ते पाव तरंगलांबी हवं. १० गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी हवेत ७.५ मिलीमीटर, पण मध्ये अ‍ॅक्रिलिक घातलंत तर साडेचारच्या थोडीच वर.

गेट व्होल्टेजने (ग्राफीनला लागून असलेल्या आयनिक द्रवातून, म्हणजे द्रवरूप क्षारातून, दिलेल्या व्होल्टेजने) ग्राफीनचा रोध ३७७ ओहम प्रति चौरसवर, म्हणजे मोकळ्या हवेतल्या लाटेच्या इम्पीडन्सइतका, आणायचा, हे हॉर्नच्या मोजमापासाठी. एक्स-बँडच्या (१० गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) वेव्हगाइडमध्ये, म्हणजे लाट वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीत, त्याच फ्रिक्वेन्सीला ५०० च्या आसपास लागतो.

रोध दोन टोकांनी मोजू नका, संपर्काचा रोधही त्यात मिसळतो. चार टोकं वापरा.

आता पावसाळा. आपल्याकडे जुलैत बाटलीचं झाकण थोडा वेळ उघडं राहिलं तरी आयनिक द्रव हवेतलं पाणी ओढून घेतो. मग कमी व्होल्टेजलाच गळतीचा करंट चढतो, बुडबुडे येतात आणि आठवडाभर खपून कॉपरवरून उतरवलेलं ग्राफीन एका दुपारी खराब होतं. घाई करणारे थेट ३ व्होल्ट देतात; मला त्याचा मनापासून राग येतो. आयन सावकाश सरकतात, त्यांना वेळ द्यायलाच हवा. मी द्रव रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ठेवते, सकाळी सेल भरते आणि ०.२ व्होल्टच्या पायऱ्यांनी चढते. प्रत्येक पायरीवर करंट स्थिरावेपर्यंत थांबते, आणि तितक्याच सावकाश खाली उतरून रोध पूर्वीच्या जागी आला का, ते तपासते.