रात्रभर कंडिशनर लावून झोपायचंय? आधी तेलाची सवय विसरा

शनिवारी रात्री डोक्याला तेल चोपडायचं आणि रविवारी सकाळी न्हायचं, हे आपल्या हातांना न शिकवता येतं. मी पहिल्यांदा रात्रभर कंडिशनर ठेवलं तेव्हाही हातांनी तेच केलं. ओंजळभर घेतलं, टाळूवर खसाखसा चोळलं, वर प्लास्टिकची टोपी चढवली. दुसऱ्या दिवशी कर्वे रोडला एका कार्यालयात मुंज होती. तीनदा केस धुऊनही भांगाजवळ ते असे चप्प बसले होते, की मामेबहीण म्हणाली, "अगं, तेल लावून आलीस का?"

चूक बाटलीची नव्हती, हाताची होती. खोबरेल तेल केसाच्या आत थोडं मुरतं, त्यामुळे त्याला वेळ दिला तर उपयोग होतो. कंडिशनरचं काम मुख्यतः केसाच्या पृष्ठभागावर चालतं. केसावर ऋण विद्युतभार असतो आणि केस जितका खराब, तितका तो जास्त. कंडिशनरमधले बेहेनट्रायमोनियम क्लोराइडसारखे घटक धनभारित असल्यामुळे तिथे जाऊन चिकटतात. सोबतचं सेटाइल अल्कोहोल म्हणजे दारू नव्हे, तो मेणासारखा मऊ पदार्थ असतो. हे चिकटणं काही मिनिटांतच होतं. म्हणून स्पष्ट सांगते: बहुतेकांना आंघोळीआधीची वीस-तीस मिनिटं पुरतात. केस कुरळे असतील, रंगवलेले असतील किंवा स्ट्रेटनिंगने झाडूसारखे झाले असतील, तरच रात्रभराचा खटाटोप करावा. तोही पंधरा दिवसांतून एकदा.

कोणी करू नये

डोक्यात कोंडा, खाज, फोड किंवा जखम असेल तर नको. कोंड्याशी संबंध असलेली बुरशी टाळूवरच्या स्निग्धतेवर जगते, तिला रात्रभर उबदार ओल कशाला द्यायची? कपाळावर, मानेवर मुरमं येत असतील तरी नको. लहान मुलांना तर नकोच.

बाटली निवडताना

मागचं बारीक अक्षर वाचा. "लावून दोन मिनिटांनी धुवा" असं लिहिलेलं कंडिशनर आठ तास ठेवण्यासाठी बनवलेलंच नसतं. हा नुसता शब्दांचा खेळ नाही. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाच्या परिरक्षकामुळे (प्रसाधन खराब होऊ नये म्हणून घालतात तो घटक) अनेकांना त्वचेची ॲलर्जी होते. युरोपीय संघाने २०१७ पासून ते न धुता ठेवायच्या प्रसाधनांत बंद केलं. धुऊन टाकायच्या प्रसाधनांत मात्र ०.००१५ टक्क्यांपर्यंत चालतं. म्हणजे तीच वस्तू किती वेळ अंगावर राहते, त्यावर नियम बदलतो. तेव्हा रात्रभर ठेवायचा हेअर मास्क किंवा लीव्ह-इन, म्हणजे न धुता ठेवायचं, कंडिशनर घ्या, सुगंध कमी असलेलं. मेंथॉलचं थंडगार वाटणारं नको. केराटिन किंवा इतर प्रथिनं भरपूर असलेलंही रात्रभर नको, काहींचे केस त्याने उलट ताठ होतात.

नवीन बाटली असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढं लावून बघा. मग दोन-तीन दिवस थांबा. ॲलर्जीचं पुरळ बऱ्याचदा लगेच उठत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतं.

आता रात्रीचं काम

जेवणं आटोपली की लगेच लावा, गादीवर पडताना नाही. झोपण्याआधी केसांना थोडं वाळायला दोन-तीन तास मिळायला हवेत. केस नुसते दमट करा. पाणी गळत असेल तर पंचाने टिपून घ्या, घासू नका. ओला केस फुगतो, जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो.

खांद्यापर्यंतच्या केसांना एक चमचा कंडिशनर पुरे, कमरेपर्यंतच्यांना दोन. तळव्यांवर पसरवा आणि कानांच्या खाली सुरुवात करा. आधी टोकं, मग मधला भाग. टाळूपासून चार बोटं लांबच थांबायचं. इथे हात आपोआप वर जातो, चंपी करायला बघतो. त्याला आवरा!

मग जाड दातांच्या कंगव्याने गुंता सोडवा, तुळशीबागेतला लाकडी कंगवा यासाठी झकास. खालून वर येत जायचं. सैल वेणी घाला, घट्ट अंबाडा नको. वरून सुती पंचा किंवा जुना मऊ टी-शर्ट गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी डोक्याला बांधून झोपणं धोक्याचं आहे, ती घसरून नाका-तोंडावर येऊ शकते.

उशीला जुना अभ्रा घाला. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. कंडिशनर डोळ्यात गेलंच तर चोळू नका, दहा-पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा. तरी आग थांबली नाही तर डॉक्टरकडे जा. रात्री टाळूला खाज किंवा जळजळ सुरू झाली तर सकाळची वाट न बघता उठून धुऊन टाका.

"ओल्या डोक्यानं झोपलीस की सर्दी होईल," असं आजी म्हणायची. सर्दी विषाणूंनी होते हे खरं, पण पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री दमट केसांनी कुडकुडत झोपण्यात शहाणपण नाही. पावसाळ्यात अभ्रासुद्धा वाळत नाही, केस कुठले वाळणार? हा उद्योग मार्च ते मे मध्ये सगळ्यात सोपा जातो.

सकाळी

कोमट पाण्याने आधी नुसतेच केस धुवा, निदान दोन मिनिटं. मग सौम्य शाम्पू फक्त टाळूला लावा, वाहणारा फेस लांबीला पुरतो. पुन्हा कंडिशनर नको.

टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत राहत असाल तर एक जास्तीची गोष्ट करा. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात आणि कंडिशनरच्या थरासकट केस राठ लागतात. शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घ्या.

आणि न्हाणीघराच्या फरशीकडे लक्ष द्या. धुतलेलं कंडिशनर टाइल्सवर साबणापेक्षाही निसरडं होतं. बाहेर पडण्याआधी एक बादली पाणी ओतून खराट्याने फरशी घासा, विशेषतः तुमच्यानंतर सासूबाई किंवा आजोबा आंघोळीला जाणार असतील तर.

केस पूर्ण वाळेपर्यंत स्कार्फ आणि वर हेल्मेट चढवू नका, आतल्या आत घाम आणि ओल साठते. पण गाडी काढायची असेल तर हेल्मेटला सुट्टी नाही, केस वाळायला अर्धा तास जास्त ठेवा. रविवारी रात्री लावून सोमवारी साडेआठला हिंजवडीला निघायचं असेल, तर लावूच नका. शुक्रवारी रात्री लावा.