कार्ब्युरेटर अल्ट्रासोनिकमध्ये टाकताय? आधी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही गल्लीतल्या गॅरेजात हल्ली कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग, धुवायचं अल्ट्रासोनिक मशीन दिसतं. दोन-तीन लिटरची स्टीलची टाकी, हीटर आणि टायमर. मशीनबद्दल माझी काही तक्रार नाही, माझ्याकडेही आहे. तक्रार आहे ती "टाकलं की झालं" या समजुतीबद्दल. फवारणीचे पंप, भातकापणीचे ब्रश कटर, पॉवर वीडर, मंडपाचे जनरेटर असं माझ्याकडे जे येतं, त्यातलं बरंचसं आधीच कुणीतरी "अल्ट्रासोनिक करून" बिघडवलेलं असतं.

यात पोरांचा सगळा दोष नाही. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि नव्या दुचाक्यांवरून कार्ब्युरेटर जवळपास गेलाच. गॅरेजात नव्यानं आलेल्या पोराला तो हाताळायला मिळतोच कुठे? पण शेतातल्या छोट्या इंजिनांवर तो अजून आहे, आणि तिथे घाई चालत नाही.

अख्खा कार्ब तसाच बुडवणे

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ही मशीनं साधारण ४० किलोहर्ट्झवर चालतात. पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात, त्या धक्क्यानं पेट्रोलचा चिकटा सुटतो. म्हणजे जिथे पाणी पोचलं तिथेच काम. भोकात हवा अडकली किंवा जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) जागेवरच राहिला, की तिथे काही होत नाही.

नंदगडकडच्या एका मंडपवाल्याचा जनरेटर लगीनसराईच्या तोंडावर आला. रेस आपोआप वर-खाली, वर-खाली. चोक अर्धा ओढला की इंजिन सरळ चालायचं. एवढं ऐकूनच कळतं की पायलट जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल देणारा जेट, तुंबलाय, पेट्रोल कमी पडतंय. पण त्याला आधीच्या गॅरेजवाल्यानं सांगितलेलं, कार्ब मशीनमधून काढलाय, आता ठिणगीची कॉइल बदला. ज्या पोरानं साफ केला होता, तोच पोरगा जनरेटर टेम्पोत घालून घेऊन आला होता.

कार्ब काढला तर बाहेरून नव्यासारखा लखलखीत. त्या जातीच्या कार्बमध्ये थ्रॉटल स्टॉपच्या, म्हणजे रेस सेट करायच्या, स्क्रूखाली प्लॅस्टिकच्या डोक्याचा पायलट जेट बसतो. तो स्क्रू काढल्याशिवाय जेट निघत नाही, आणि नवख्याला तो जेट आहे हेच माहीत नसतं. डोक्याभोवतीची जुनी धूळ जशीच्या तशी. काढून उजेडाकडे धरला, तर पलीकडचं काही दिसेना.

"मामा, वीस मिनिटं ठेवला होता की मशीनमध्ये!"

"वीस मिनिटं ठेव नाहीतर वीस तास ठेव. बूच काढलं नाहीस तर पाणी आत जाणार कुठनं?"

मेन जेटच्या वरची भोकांची पितळी नळी, म्हणजे इमल्शन ट्यूब, तीही आत चिकटलेली. मेन जेट काढल्यावर ती खाली घसरून पडायला हवी. पडत नसेल तर पेनिट्रेटिंग ऑइल टाकून तासभर थांबा आणि लाकडी काडीनं वरून हलकेच दाबा. स्क्रूड्रायव्हर घालून ठोकलंत की नळीचं तोंड पसरलं, मग ती कायमची तिथेच.

माझी सवय अशी: पेट्रोल साठायची वाटी, त्यात तरंगणारा फ्लोट, त्यानं पेट्रोल अडवणारी नीडल, दोन्ही जेट, ट्यूब, सगळे स्क्रू वेगळे. हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्स्चर स्क्रू काढायच्या आधी तो हलक्या हातानं पूर्ण आत फिरवून किती फेरे गेले ते डब्यावर मार्करनं लिहितो. रबर, ओ-रिंग, डायफ्राम (पातळ लवचिक पडदा) आणि प्लॅस्टिकचा फ्लोट टाकीत जात नाहीत. बॉडी बुडवल्यावर आडवी-तिडवी करून आतली हवा बाहेर काढतो. दहा मिनिटं एका बाजूनं, दहा मिनिटं उलटी. एवढंच. तासभर ठेवून जास्त साफ होत नाही, उगाच वीज जाते.

जालीम केमिकल

दुसरी चूक यापेक्षा महाग. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्या, मशीन शॉप भरपूर, त्यामुळे ओळखीनं कुणाकडून तरी "एक नंबर डिग्रीझर"चा कॅन मिळतोच. लोखंडाच्या पार्टला तो चालतो. त्यात बऱ्याचदा कॉस्टिक असतं, आणि कार्बची बॉडी असते अॅल्युमिनियमची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची. दोन्ही कॉस्टिकमध्ये विरघळतात.

एका ओळखीच्या पोरानं मला टाकीचा व्हिडिओ पाठवला. फेस उसळतोय, पाणी काळं झालंय आणि हा खूश: "अण्णा, घाण बघा किती निघतीय!" ती घाण नव्हती, बॉडी निघत होती. कॉस्टिक अॅल्युमिनियमला लागलं की हायड्रोजन सुटतो, तोच फेस. फोन करून बंद करायला सांगितलं, तोवर कार्ब काळा पडून खरखरीत झाला होता. नीडल जिथे टेकते ती जागाही खाल्ली गेली होती, म्हणजे आता पेट्रोल कायम वाहत राहणार. ब्रश कटरवाला शेतकरी ऐन कापणीत खोळंबला आणि नवा कार्ब पोराला पदरचा द्यावा लागला. हार्पिक आणि टॉयलेटचं अॅसिड वापरणाऱ्यांचीही हीच गत.

मी साधं पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड वापरतो, लिटरला चमचाभर. हीटर पन्नास-साठ अंशांवर. कार्ब टाकायच्या आधी मशीन पाच-दहा मिनिटं नुसत्या भरलेल्या पाण्यावरच चालवतो, म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि काम जोरात होतं. लई चिकटा असेल तर आधी कार्ब क्लीनर मारून ब्रशनं घासतो. हाताचं काम चुकवण्यासाठीच मशीन घेतलं असेल, तर ते विकून टाका.

टाकीत पेट्रोल किंवा थिनर

नाही. खाली हीटर आहे, वायरिंग आहे, वर उघडी वाफ. यावर चर्चाच नको.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. पार्ट टाकीच्या तळाला टेकवू नका, जाळीत ठेवा. नाहीतर पार्टही घासतो आणि टाकीही. मशीन चालतंय का अशी शंका असेल तर डब्यातली अॅल्युमिनियमची फॉइल अर्धा मिनिट पाण्यात धरा, बारीक भोकं पडली पाहिजेत. जेटमध्ये सुई किंवा क्लच केबलची तार घालू नका, पितळ मऊ असतं. भोक एकदा मोठं झालं की तो जेट गेला.

धुऊन झाल्यावर तसंच वाळत ठेवणं हाही मोठा आळस. बोअरच्या पाण्याचे क्षार त्याच बारीक भोकांत बसतात. शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा मारा (बॅटरीत घालतात ते पाणी, अॅसिड नव्हे) आणि लगेच कॉम्प्रेसरची हवा, प्रत्येक भोकातून, डोळ्यांवर चष्मा लावून. ब्रश कटरच्या डायफ्रामवाल्या कार्बला मात्र हवा जपून, त्यात नाजूक वाल्व असतो. त्याच कार्बमध्ये पंपाच्या झाकणाखाली बारीक जाळी असते. एक स्क्रू काढला की दिसते, पण तो काढतंय कोण!

एवढं सगळं नीट करून कार्ब बसवतात आणि इंजिनाच्या टाकीत पेट्रोल तेच, गेल्या पावसाळ्यापासूनचं. आपल्याच शिवारातला ऊस इथेनॉल होऊन पेट्रोलमधून परत येतो, आणि इथेनॉल ओल धरतं. खानापूरकडच्या पावसात जनरेटर चार महिने कोपऱ्यात पडला, की पाणी तळाशी बसतं, वाटी आतून पांढरी होते, जेट हिरवा पडतो. म्हणून टाकी आणि कॉकची जाळी आधी साफ करा, कार्ब मागाहून. ठेवून देताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि वाटीच्या खालचा ड्रेन बोल्ट उघडून उरलेलं सोडून द्या. काढलेलं जुनं पेट्रोल "वाया कशाला घालवायचं" म्हणून कॅनमधून परत मागणारे असतात. न्या की. तेच टाकीत ओतून पुन्हा माझ्याकडे आलात, तर मजुरी नव्यानं पडेल.